सासऱ्यांना नव्हता, मग यांना कसा?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४६. आम्ही भोसरीच्या बाजूला दीड खोलीत पाच जण राहतो. मिस्टर कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतात. गाव माण तालुक्यातलं. पाच वर्षांपूर्वी त्यांना साखर निघाली. दिवाळीपासून खोकला होता, वजन ११ किलोंनी उतरलं आणि गेल्या महिन्यात टीबी निघाला. गोळ्या सुरू आहेत. सासरे ८६ वर्षांचे होऊन गेले, कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत. सासूबाई म्हणतात, "आमच्या रक्तात असलं काही नाही. माझं पोर पोटात असताना मी दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, तरी ते धडधाकट निपजलं. शहरात येऊन तुझ्या हातचं खाऊन असं झालं." जाऊबाई विचारतात, हा रोग कुणाकडून आणला? मी त्यांची ताट-वाटी वेगळी केली आहे. खोलीला एकच खिडकी आहे, तिला धुळीमुळे प्लास्टिक लावलंय. साखरेचे डॉक्टर म्हणतात कमी खा, टीबीचे म्हणतात भरपूर खा. मी नेमकं शिजवू काय? मुलगी १९ वर्षांची, मुलगा १४ चा, त्यांना लागण होईल का? सगळं सोडून गावी जावं का? – एक बहीण

उत्तर :

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात प्रश्न बरेच आहेत, पण सगळ्यांच्या तळाशी एकच आहे : चूक कुणाची? त्याचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. तुमच्या हातच्या जेवणानं हे झालेलं नाही. कसं झालं असावं ते पुढे सांगते. त्याआधी या आठवड्यात करायच्या गोष्टी.

घरातल्या चौघांची, म्हणजे तुमची, सासूबाईंची आणि दोन्ही मुलांची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या. क्षयरुग्णाच्या घरातल्यांची तपासणी तिथे फुकट होते. कुणाला रोग नसला, तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या नाकारू नका. दुसरं म्हणजे टीबीच्या गोळ्यांचं पाकीट साखरेच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा. त्यात रिफॅम्पिसिन नावाचं औषध आहे. त्यानं लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. पण साखरेच्या काही गोळ्यांचा असर ते कमी करतं, हे लक्षात घ्यायला हवं. शिवाय अंगात क्षय असला की साखर तशीही चढते. म्हणून काही महिने इन्सुलिन घ्यायला सांगितलं, तर "आता शेवटचं आलं" असं समजू नका. क्षय आटोक्यात आला की बऱ्याच जणांचं इन्सुलिन कमी होतं.

गोळ्या साधारण सहा महिने चालतात. पहिले दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. महिनाभरात खोकला कमी होतो, भूक लागते आणि माणसाला वाटतं, झालो बरा. नेमकं तिथंच गोळ्या सुटतात. त्यांच्या गोळीची वेळ मुलीकडे द्या. १९ वर्षांची मुलगी बापाला बरोबर धाकात ठेवते.

आता ताट-वाटी. ती परत एकत्र करा. क्षय भांड्यांतून, कपड्यांतून, एका पंगतीला बसण्यातून पसरत नाही. खोकल्याबरोबर जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. पूर्वी रोग्याला घरापासून तोडून सॅनेटोरियममध्ये ठेवायचे. १९५०च्या दशकात मद्रासला एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि निम्म्यांना त्यांच्या गर्दीच्या, गरिबीच्या घरातच गोळ्या दिल्या. १९५९ साली निष्कर्ष आले, तेव्हा घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झालेली नव्हती. रोगी गोळ्या घ्यायला लागला की त्याच्याकडून होणारा प्रसार झपाट्यानं कमी होतो. जगभरात क्षयाचे उपचार घरी होऊ लागले, त्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. औषध लागू पडत असेल, तर महिनाभरानंतर तुमच्या मिस्टरांकडून असलेला धोका बराच उतरलेला असणार. वेगळ्या ताटानं घराला संरक्षण मिळत नाही, त्या माणसाच्या मनाला मात्र घास उतरू देत नाही. आणि त्यांचा घास उतरणं आत्ता फार गरजेचं आहे.

जाऊबाईंच्या प्रश्नाला उत्तर नाही आणि शोधूही नका. जगातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या माणसांच्या अंगात क्षयाचे जंतू कधी ना कधी शिरलेले असतात, असा अंदाज आहे. बसमध्ये, कारखान्यात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. त्यातल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी प्रत्यक्ष रोग होतो, बाकीच्यांचं शरीर जंतूंना दाबून ठेवतं. तेव्हा जंतू कुणाकडून आला यापेक्षा यांच्या शरीराचा पहारा कशानं ढिला पडला, ते बघायला हवं. त्यातलं एक कारण तुम्हीच लिहिलंय : साखर. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा दोन ते तीन पट असते. बिडी-सिगारेट, दारू आणि कुपोषण ही त्याच यादीतली आणखी नावं. पाळीत जागं राहायला ते बिडी ओढत असतील, तर ती आजच बंद व्हायला हवी.

इथं माझ्या मनात सलणारी एक गोष्ट सांगते. नवी डॉक्टर होते तेव्हा आमच्या वॉर्डात एक हमाल होता. गोळ्या वेळच्या वेळी घ्यायचा, तरी खोकला हटेना, वजन वाढेना. आम्ही त्याच्यावरच संशय घेतला, की हा गोळ्या फेकून देतो. त्याला बोललोही. चौथ्या महिन्यात एका परिचारिकेनं विचारलं, हा रात्री चार वेळा लघवीला का उठतो? साखर बघितली, ती भयंकर होती. इतके दिवस ती तपासायचं आम्हा एकाही डॉक्टरला सुचलं नव्हतं. आज प्रत्येक क्षयरुग्णाची साखर तपासायची असा नियम आहे आणि मला त्याचं मोल कळतं.

मग ही साखर आली कुठून? "रक्तात नाही" हे सासूबाईंचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. पण रक्ताचा हिशोब त्यांना वाटतो तितका सरळ नाही. तुमचं गाव दुष्काळी आहे, म्हणून तशाच एका मुलखाची हकीकत सांगते.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचं कोरडं राज्य आहे. तिथं हीला नदीच्या काठानं पिमा नावाचे आदिवासी शेकडो वर्षं पाट काढून शेती करत आले. मका, घेवडा, भोपळा. आपल्या भाषेत ते स्वतःला "नदीची माणसं" म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोरे वसाहतवाले नदीच्या वरच्या अंगाला आले आणि त्यांनी पाणी आपल्या शेतांकडे वळवलं. पिमांचे पाट कोरडे पडले, शेती बुडाली, उपासमार झाली. पुढं सरकारी शिधा मिळू लागला : मैदा, चरबी, साखर. कष्ट गेले आणि जेवणही बदललं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगात सर्वांत जास्त मधुमेह असलेल्यांत या लोकांची गणना व्हायला लागली आणि डॉक्टर म्हणू लागले, यांच्या रक्तातच आहे.

पण याच पिमांचे भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतात डोंगरात राहतात. तिथल्या मायकोबा गावाच्या परिसरात १९९५ साली तपासणी झाली. ती माणसं तेव्हाही हातानं शेती करत होती आणि मका-घेवडाच खात होती. त्यांच्यात मधुमेह निघाला शंभरात सुमारे ७ जणांना. अमेरिकेतल्या पिमांत तो होता शंभरात ३८ जणांना. रक्त तेच, फक्त पाणी, ताट आणि कष्ट वेगळे. आणखी एक तपशील आहे, तो लपवत नाही. मायकोबाच्या बिगर-पिमा शेजाऱ्यांत हे प्रमाण शंभरात तिनाच्याही आत होतं. म्हणजे रक्ताचा वाटा थोडा असणार. पण सातावरून अडतीस झाले, ते नदी आटली म्हणून.

तुमचे सासरे आणि मिस्टर यांच्यात मला हेच अंतर दिसतं. सासरे उन्हातान्हात चालले, भाकरी-हुलगे-मटकी खाल्ली, अंधार पडला की झोपले. मुलाच्या अंगात रक्त त्यांचंच आहे. पण दिवस आहे भोसरीचा. एक आठवडा सकाळी सातला निघायचं, दुसऱ्या आठवड्यात रात्रभर जागायचं, मशीनपुढे एका जागी उभं राहायचं, गेटबाहेरचा वडापाव खायचा आणि पाळीत पाच-सहा कप गोड चहा. कपाला दोन चमचे धरले तर दहा-बारा चमचे साखर चहातच गेली. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळतो, हेही मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. यातलं तुमच्या स्वयंपाकघरात काय घडलं, सांगा बरं?

पत्रात खडी फोडल्याचं एक वाक्य आहे, ते माझ्या मनातून जाईना. बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या सासूबाई पोटुशी असताना रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामावर जात होत्या, तेव्हा वाटली जाणारी सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, खात होत्या. हे मूल त्या पोटात वाढलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, अंगानं सडपातळ बायका. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधली बाळं साडेतीनच्या आसपास. पण चकित करणारी गोष्ट पुढे आहे. आपल्या बाळांच्या अंगात मांस बरंच कमी होतं, चरबी मात्र त्या मानानं राखलेली होती. दिसायला हडकुळी, आतून चरबीदार. मांस कमी म्हणजे साखर जाळणारी भट्टीच लहान. असं मूल पुढं भरपूर खाण्याच्या, कमी हालचालीच्या जगात आलं, की पोट थोडं सुटतं न सुटतं तोच साखर चढते. नेदरलँडमध्येही असंच दिसलं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथल्या शहरांची रसद तोडली गेली, माणसाला दिवसाला हजार उष्मांकांहूनही कमी शिधा मिळायचा. त्या हिवाळ्यात जे पोटात होते, त्यांना पन्नाशीत तपासलं तेव्हा त्यांच्या शरीराला साखर पेलायला जड जात होतं.

तुमच्या मिस्टरांचं असंच झालं, असं एका माणसाबद्दल कुणीही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. पण टंचाईत घडलेलं शरीर आणि पुढं आलेलं सुबत्तेचं, बैठं, धुरकट शहर, या दोन्हींची गाठ पडली की काय होतं, ते आपल्या पिढीत लाखो घरांत दिसतंय.

ताई, एक कळकळीची विनंती. हे वाचून सासूबाईंना "बघा, तुमच्यामुळेच" असं चुकूनही म्हणू नका. त्या बाईनं नऊ महिन्यांचं पोट घेऊन खडी फोडली आणि मूल जगवलं. पाऊस पडला नाही, हा तिचा गुन्हा नव्हता. तुमच्यावरचा बोल उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला तर घरात फक्त जागा बदलेल, बोल तसाच राहील.

आता खिडकी. ते प्लास्टिक आजच काढा. पेरू देशात लिमा शहरातल्या रुग्णालयांत संशोधकांनी खोल्यांमधली हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजलं. २००७ साली छापलेला हा अभ्यास आहे. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. महागडी यंत्रं लावलेल्या बंद खोल्यांत ती १२ वेळाच बदलत होती. आणि सर्वांत चांगली हवा कुठे, तर उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत. आपल्याकडे मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या, की खालच्या मजल्यांवर ऊनही येत नाही आणि वाराही. तिथला क्षय आणि ती कोंदट हवा यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे. रोग असा नकाशावरच बांधला जातो, याचा मला फार राग येतो. पण तुमची खिडकी तुमच्या हातात आहे. डासांसाठी जाळी लावा. धूळ येईल, हे मान्य. तरी पुढचे दोन-तीन महिने हवा खेळती राहणं जास्त मोलाचं. यजमानांचं अंथरूण खिडकीशी, समोरचं दार शक्य तेवढा वेळ उघडं. पंखा असा ठेवा की वारा त्यांच्या पाठीमागून खिडकीबाहेर जाईल.

आणि तुमचा मुख्य प्रश्न, काय शिजवू. दोन्ही डॉक्टर बरोबर सांगताहेत, फक्त अर्धं अर्धं. "कमी खा" याचा अर्थ साखर, मैदा, बेकरीचा माल, तळण आणि भाताचा ढीग कमी. "भरपूर खा" याचा अर्थ कडधान्यं, अंडी, मासे, दूध, दाणे भरपूर. वजन उतरलेल्या क्षयरुग्णानं जेवण कमी करणं धोक्याचं आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी २०१९ ते २०२२ या काळात २८०० क्षयरुग्णांच्या घरी जाऊन काम केलं. सगळ्या रुग्णांना शिधा दिला. शिवाय निम्म्या कुटुंबांत घरातल्या प्रत्येक माणसासाठी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना हे मिळालं, तिथल्या इतर माणसांत नवा क्षय जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाला. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यातले मृत्यू खूप कमी झाले. डाळ-तांदळानं, ताई. ती माणसं तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त उपाशी होती. पण त्यातला धडा तुमच्या घरालाही लागू आहे : घरातल्या पाचही जणांचं ताट सारखं भरलेलं हवं, आणि तुम्ही सगळ्यात शेवटी उरलंसुरलं खाणं बंद.

सकाळी दोन उकडलेली अंडी किंवा मुगाची जाड धिरडी. डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, पालेभाजी आणि मोठी वाटीभर मटकी, चवळी किंवा हरभऱ्याची उसळ. सोबत दही. भाकरीनंही साखर वाढते, म्हणून दोनाच्या चार करू नका, भूक उसळीवर भागवा. पाळीत भूक लागली तर फुटाणे-शेंगदाणे, वडापाव नको. चहा बिनसाखरेचा, पहिले आठ दिवस चेहरा वाकडा होईल, मग जीभ वळते. रात्री घट्ट वरण, भाजी, भाकरी आणि मूठभरच भात. बुधवार-रविवारी बांगडा किंवा बोंबील परवडत असेल तर उत्तम. फक्त मूत्रपिंडाची तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. त्यात दोष निघाला तर डाळ-अंड्यांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील. टीव्हीवरच्या डबेबंद पावडरीचे पैसे वाचवा, त्यात महिन्याची अंडी येतील. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये बँकेत जमा होतात. त्याची नोंद झाली आहे का, ते गोळ्या मिळतात तिथं विचारा.

गावी जाऊ नका, निदान आत्ता तरी नाही. सासऱ्यांचं गाव आता तिथं राहिलेलं नाही. देशभराच्या मोठ्या पाहणीत शहरात शंभरात १६ जणांना मधुमेह निघाला आणि खेड्यातही जवळजवळ ९ जणांना. वेशीपर्यंत मोटारसायकल आणि दुकानात बिस्किटांच्या माळा तिकडेही पोचल्या आहेत. शिवाय नोकरी सुटेल. त्याऐवजी डॉक्टरांची चिठ्ठी देऊन उपचार संपेपर्यंत दिवसपाळी मागा. पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, मर्यादेत असेल आणि नोकरीला दोन वर्षं झाली असतील, तर क्षयासाठी लांब मुदतीचा आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या ८० टक्के. लाजून तो सोडू नका, त्यांनी त्यासाठी दरमहा पैसे कापून दिलेत. अंगात थोडी ताकद आली की जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं दोघं मिळून चालून या.

सासूबाईंना हुलग्याचं माडगं नक्की येत असणार. त्यांना करायला सांगा, फक्त गूळ न घालता. त्यांचा हात घरातल्या औषधोपचाराला लागू द्या, म्हणजे बोल आपोआप कमी होतील. वजन दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर करून वहीत लिहा. दोन महिने पूर्ण झाले की थुंकीची तपासणी परत होईल. ती वही आणि तो निकाल, दोन्ही मला कळवा.